हार घातलेला तक्ता

बीदर जिल्ह्यात चिंताकीच्या पुढं डांबरी रस्ता सोडून डाव्या हाताला वळलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही. झालं त्यात गावाचा दोष नव्हता, शाळेचाही नव्हता. दोष होता तो भगवानराव मास्तरांचा, आणि हल्ली ते स्वतःच भेटेल त्याला बसवून सांगत असतात, तेव्हा आपण सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही.

आधी मास्तरांचं अक्षर. त्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. गावात लग्न निघालं की मांडववाल्याच्या आधी मास्तरांना निरोप जायचा. पायजमा दुमडून, ब्रश दातात धरून ते शिडीवर चढायचे आणि भिंतीवर नवरानवरीची नावं अशी उतरवायचे, की पुढं दोघांचं पटलं नाही तरी नावं पुसायला कुणाचा हात होऊ नये. कन्नड पाट्याही तेच रंगवायचे. कन्नड बोलायला त्यांना पाण्यासारखं येई, वाचायला मात्र अक्षराखाली बोट ठेवावं लागे. एकदा तर औरादच्या पलीकडं एका तेलुगू बोलणाऱ्या वाडीत मारुतीच्या देवळावर त्यांनी तेलुगूत चार ओळी रंगवल्या. तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. पुजाऱ्यानं चिठोऱ्यावर लिहून दिलं, मास्तरांनी ते वीतभर मोठं करून भिंतीवर चढवलं. लोक बघायला आले. पुजाऱ्यानं जेवू घातलं. त्या चार ओळींत काय आहे हे मास्तरांना आजवर ठाऊक नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. अक्षर सुंदर आलं ना, झालं तर.

हीच त्यांची खोड होती. पण तेव्हा ती कुणाला खोड वाटत नव्हती, सगळे कला म्हणायचे.

मास्तर मूळचे इतिहासाचे. गुलबर्ग्याला एका डाळ मिलच्या शेजारी खोली करून राहिले, बी.ए. झाले, बी.एड. झाले. अजूनही त्यांना एखादा राजा आठवला की आधी तुरीच्या टरफलाचा वास येतो, मग राजा. गावातल्या मराठी हायस्कुलात ते समाजशास्त्र शिकवायला लागले. मग इंग्रजीचे सर बीदरला बदलून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हाच्या हेडमास्तरांनी सगळ्या मास्तरांची टाचणवही चाळली आणि म्हणाले, "भगवानराव, इंग्रजी अक्षर तुमचंच सगळ्यात बरंय. इंग्रजी तुम्ही घ्या." झालं. असं इंग्रजी त्यांच्या गळ्यात पडलं.

धडे त्यांना जमत. गोष्ट असली की ती ते अशी रंगवत, की घंटा झाली तरी पोरं जागची हलायची नाहीत. अडायचं ते व्याकरणाला, आणि व्याकरणात सगळ्यात जास्त अडायचं नॉन-फायनाईट क्रियापदांना. तीन नावं होती: इन्फिनिटिव्ह, जेरंड, पार्टिसिपल. हे तिघे कोण, कुठले, एकमेकांचे काय लागतात, मास्तरांना काही पत्ता नव्हता. मग त्यांनी त्यांना चाल लावली. देवळातल्या भजनाचीच चाल, फक्त टाळ नाहीत. साहेब लोक तपासणीला आले की नववी-दहावीची पोरं एका सुरात इन्फिनिटिव्ह, जेरंड, पार्टिसिपल म्हणायची, साहेब मान डोलवायचे, शेरा चांगला पडायचा. प्रश्न विचारायची पद्धत वर्गात नव्हती. कुणी विचारलाच तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "आधी पाठ कर, मग कळतंय."

आता भिंतीचं सांगतो. सोळा वर्षांमागं हेडमास्तरांच्या मनात आलं, की शाळेच्या भिंती कोऱ्या नकोत, त्यांच्यावर काही शिकण्यासारखं असावं. त्याच सुमाराला गावातले किराणावाले बसवंतप्पा शाळेत आले. त्यांची आई चांगुणाबाई त्या साली वारली होती, लिंगायतांत म्हणतात तशी लिंगैक्य झाली होती. आईच्या नावानं शाळेला काहीतरी द्यायचं होतं. पण पाण्याची टाकी दुसऱ्या कुणाच्या आजीच्या नावानं होती, घड्याळ कुणाच्या काकाच्या नावानं होतं, झेंड्याचा कट्टासुद्धा गेला होता. राहिली होती मैदानाकडची भिंत.

"मग भिंत द्या," बसवंतप्पा म्हणाले. "आन् काहीतरी अवघड लिवा तिच्यावर. सोपं नको. माझ्या आईनं लई कष्ट काढल्यात."

अवघड म्हटल्यावर मास्तरांच्या डोळ्यांपुढं तेच तिघे आले.

मास्तरांनी पुस्तक आणि गाईड अशी दोन्ही घेतली. इथंच घोळ झाला. पुस्तक इकडचं, कर्नाटकाचं. गाईड मात्र उदगीरहून आणलेलं, महाराष्ट्राचं. कारण बीदरला मिळायची ती गाईडं कन्नडातून समजावलेली, आणि मास्तरांना पानभर कन्नड वाचायचं म्हणजे अर्धा दिवस. आपल्या शिवेवरच्या शाळांत असं पुष्कळ चालतं: पुस्तक या राज्याचं, गाईड त्या राज्याचं, मास्तर मधे. तर मास्तरांनी तीन रकान्यांची डोकी पुस्तकातून घेतली: इन्फिनिटिव्ह, जेरंड, पार्टिसिपल. आणि खालची उदाहरणं घेतली गाईडातून. गाईडात पार्टिसिपल पहिला होता. सगळी उदाहरणं एकेक घर सरकली. इन्फिनिटिव्हच्या खाली 'ब्रोकन पॉट' आणि 'रनिंग वॉटर', जेरंडच्या खाली 'टू गो', 'टू ईट', आणि पार्टिसिपलच्या खाली 'स्विमिंग इज गुड'. माणसं आपापल्या घरी न जाता शेजारच्या घरात जाऊन निजावीत, तसं.

पण अक्षर! निळ्या रंगात डोकी, काळ्यात उदाहरणं, भोवती वेलबुट्टी आणि तळाशी लाल रंगात 'लिं. चांगुणाबाई यांच्या स्मरणार्थ'. नारळ फुटला, बुंदी वाटली गेली. आणि त्या वर्षीपासून बसवंतप्पांनी एक रिवाजच पाडला. दर पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की ते झेंडूचा वावभर हार घेऊन यायचे, दोन खिळ्यांवर तक्त्याला घालायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "मास्तर, वाचून दाखवा की जरा. आईच्या कानावर पडू द्या."

मास्तर टोपी सारखी करून चालीत वाचायचे. सगळं गाव उभं राहून ऐकायचं.

चार वर्षं अशी गेली. मग नववीत शिवकन्या आली. ग्यानबाची पोरगी. ग्यानबा शेतकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पोरगी मात्र विचारणारी. शनिवार होता, सकाळची शाळा. वर्ग चालीत म्हणत होता आणि ही मधेच उभी राहिली.

"सर, 'स्विमिंग इज गुड' हे पार्टिसिपलखाली कामून हाय?"

चाल तुटली. मागच्या बाकावरचा एकटाच पुढं म्हणत गेला आणि ओशाळून थांबला.

"कामून म्हंजे? हाय म्हणून हाय."

"पर सर, पोहणं चांगलं असतंय म्हंजे पोहणं हे नाव झालं की. बुकात त्याला जेरंड म्हनलंय."

हे खरं की खोटं, मास्तरांनाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नव्हतं म्हणून आवाज चढला. "बुक लई वाचायलीस व्हय? मग एवढी भिंत काय उगीच रंगवली? जा, तिच्यापुढं उभी राहा आन् पन्नास बार वाच. आपोआप कळंल कामून ते."

पोरगी गेली. तासभर उन्हात उभी होती. खिडकीतून मास्तरांना तिची पाठ दिसत होती आणि दोन वेण्या. रडत नव्हती. ओठ हलत होते, आणि मधूनमधून हवेत एक बोट या रकान्यातून त्या रकान्यात जात होतं.

घरी आल्यावर त्यांनी पुस्तक आणि गाईड शेजारी शेजारी मांडली. व्याकरण कळायची गरजच नव्हती. दोन्हींची डोकी नुसती ताडून पाहिली तरी दिसत होतं. कानशिलं तापली. बायकोनं, सुमनबाईंनी, जेवायला बोलावलं तेव्हा त्यांनी दोन्ही पुस्तकं अशी मिटली, जशी पोरं मास्तर आल्यावर मिटतात.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी ते वर्गात गेले तेव्हा शिवकन्या पहिल्या बाकावर होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं ते तास संपेपर्यंत बघितलं. मास्तर म्हणाले, "बुकं काढा. धडा सातवा."

एवढंच. बारा वर्षांत त्यांनी त्यावर एवढंच केलं.

कारणं त्यांनी पुष्कळ जमवली होती. शिडी मोडलीय. नवा हेडमास्तर आलाय. बसवंतप्पांचा बीपी वाढलाय. परीक्षेत त्यावर येऊन येऊन किती येतं, फार तर एका मार्काचं. पण तो एक मार्क ज्या साली यायचा, त्या साली त्यांच्या शाळेची पोरं सगळीच्या सगळी, एकमेकांचं न बघता, एकसारखं चुकायची. आणि पंधरा ऑगस्ट काही कुणासाठी थांबत नाही. दर वर्षी हार, दर वर्षी "वाचून दाखवा की", आणि दर वर्षी मास्तर वाचत. फक्त आता ते भिंतीकडं बघत नसत. पाठच होतं.

यंदा जुलैत औरादला इंग्रजीच्या मास्तरांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. भगवानराव मागच्या बाकावर बसले, चष्मा पुसला, आणि फळ्यापुढं आलेल्या बाईंना बघून त्यांना चष्मा पुन्हा काढावासा वाटला. शिवकन्या होती. गुलबर्ग्याला एम.ए. करून आता बीदरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होती, तिथंच मैलूर भागात खोली करून राहत होती. तिनं त्यांना पाहिलं, सरळ बाकांमधून चालत आली आणि तीसेक मास्तरांसमोर वाकून पाया पडली. मास्तरांनी पाय बाकाखाली ओढून घेतले, तरी तिचा हात पोचलाच.

आणि पहिलाच विषय निघाला तो नॉन-फायनाईट.

शिवकन्या म्हणाली, "हे सगळ्यांनाच जड जातं, म्हणून गोठ्यातून सुरू करू. साधं क्रियापद, फायनाईट, म्हणजे दाव्याला बांधलेला बैल. त्याला मालक असतो, म्हणजे कर्ता. त्याला वेळ असते, म्हणजे काळ. 'ही गोज' म्हटलं की मालक एकटा आणि वेळ आजची. 'दे वेंट' म्हटलं की मालक पुष्कळ आणि वेळ कालची. मालक बदलला, वेळ बदलली, की बैलाला वळावं लागतं. आता दावं सोडा. 'टू गो'. कोण गेलं? कधी? माहीत नाही. 'गोइंग', 'गॉन', यांना मालक विचारू नका, वेळ विचारू नका. हा सुटलेला बैल. पण सुटला म्हणून रिकामा नाही हं, तो दुसऱ्याच्या कामाला जातो. नावाचं काम करायला लागला की जेरंड: 'स्विमिंग इज गुड'. नावाला चिकटून ते कसलं हे सांगायला लागला की पार्टिसिपल: 'रनिंग वॉटर', 'ब्रोकन पॉट'. आणि 'टू' घेऊन आला की इन्फिनिटिव्ह: 'आय वेंट टू बाय ऑइल'."

कुणीतरी म्हणालं, "बाई, मराठीत कसं सांगायचं पोरांना?"

"पोरांना येतंच सर. आई पाणी आणायला गेली. 'आणायला'. पोहणं चांगलं. 'पोहणं'. फुटलेली घागर. 'फुटलेली'. घरात रोज बोलतात. फक्त एक लक्षात ठेवा, सुटलेला बैल एकटा वाक्य पुरं करत नाही. नुसतं 'फुटलेली घागर' म्हणून गप्प बसा बघू. ऐकणारा काय विचारील?"

"तिचं काय?" चार-पाच जण एकदम म्हणाले.

"तेच. तिचं काय, हे सांगायला बांधलेलं क्रियापद लागतंच."

भगवानराव बाकावर ताठ बसले होते. आयुष्यभर चालीत म्हटलेले ते तिघे आज पहिल्यांदा त्यांच्या समोरून चालत गेले, आणि कोण कोणाचा ते त्यांना ओळखू आलं. एवढं सोपं होतं? त्यांना खरोखर आनंद झाला, पोरासारखा. हात वर करून "मला कळलं" म्हणावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी खिडकीतून दिसलेल्या त्या दोन वेण्या आठवल्या, आणि अर्धा वर गेलेला हात त्यांनी डोकं खाजवायला वापरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समारोपाला पाहुण्यांसाठी आणलेली शाल होती. शिवकन्या म्हणाली, "ही माझ्या सरांना घालायची." तिनं भगवानरावांना पुढं बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि सगळ्यांना सांगितलं, "या सरांनी मला एकदा एक तास भिंतीपुढं उभं केलं होतं. त्या तासाला मला व्याकरण कळायला लागलं."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. भगवानरावांना हसू आलं नाही. शाल नवी होती, मऊ होती, आणि मानेला काटे टोचत होते.

गाडीत त्यांनी ती वायरच्या पिशवीत कोंबली. घरी सुमनबाईंनी ती झटकून खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी देवळात पंगत होती.

"घाला की शाल," सुमनबाई म्हणाल्या.

"नको."

"चार दिस झालं नाहीत मिळून. टोचायलीय का?"

"व्हय."

सुमनबाईंनी हातातलं ठेवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं कुठल्याही प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलेलं त्यांना आठवत नव्हतं. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. भिंत, गाईड, शनिवार, सोमवार. सुमनबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला काय सांगायलाव? मी काय त्या उन्हात उभी होते? उभी होती तिला सांगा."

मास्तर अंगणात गेले, फोन लावला, आणि चार वेळा तब्येत विचारून झाल्यावर म्हणाले, "शिवकन्या, ती भिंत... ते तुला उभं केलेलं... मी बघितलेलं..."

पलीकडून हळू आवाज आला. "सर, वाक्य पुरं करा."

मास्तरांनी वाक्य पुरं केलं. "तू बरोबर होतीस. भिंत चुकली होती. मी चुकलो होतो."

 ती म्हणाली, "सर, एक विचारू? त्या दिवशी घरी जाऊन तुम्ही बुक बघितलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं?

"बघितलं होतं."

"मग?"

"मग... दुसऱ्या दिवशी रविवार होता."

आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. जास्वंदीची फांदी उगाच हातात धरून ते उभे राहिले.

"सोमवारी मी वाट बघितली, सर," शिवकन्या म्हणाली. "माझ्या अप्पानं सांगितलं होतं, मास्तरला चारचौघांत खाली बघायला लावू नको. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. पर बघितली वाट."

"मग शाल कामून घातलीस, बाई?"

"त्या तासात मी खरंच शिकले. ते खोटं न्हाई. तुम्ही सोमवारी बोलला न्हाईत, तेबी खोटं न्हाई. दोन्ही हाय." आणि मग तिनं विचारलं, "भिंत तशीच हाय का, सर?"

मास्तर म्हणाले, "हार घातलेली हाय."

 त्यावर तिकडून फोन ठेवला गेला.

आता राहिले बसवंतप्पा. भिंत त्यांच्या आईची, त्यांना विचारल्याशिवाय तिला ब्रश लावता येत नव्हता. मास्तर दुकानात गेले तेव्हा ते कुणाला तरी डाळ मोजत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मास्तर पोत्यावर बसून राहिले. दुसरं आलं, तेही जाईपर्यंत बसले. तिसरं येताना दिसलं तेव्हा त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

बसवंतप्पांनी आधी ऐकलंच नाही, मग ऐकलं, मग तराजू खाली ठेवला.

"म्हंजे सोळा वरसं मी चुकीला हार घातलो?"

"व्हय."

"आन् तुम्ही वाचून दाखवलाव. दरसाली. माझ्या आईला."

"व्हय."

"कळलं कधी तुम्हाला?"

इथंही एक पायरी खाली उतरून सांगता आलं असतं. परवा औरादला कळलं म्हटलं असतं तरी खपलं असतं. मास्तर म्हणाले, "बारा वरसं झाली."

तिसरं गिऱ्हाईक दारात येऊन दोघांची तोंडं बघून परत गेलं. बसवंतप्पा बराच वेळ पोत्याची सुतळी उलगडत बसले.

"माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, मास्तर. पर कागदावर पाय पडला तर ती कागदाला नमस्कार करायची. किराण्याच्या पुडीचा कागद असला तरी. त्यात काय लिवलंय तिला काय ठाऊक? अक्षर हाय, एवढंच ठाऊक." सुतळी तुटली. "तिच्याच नावावर तुम्ही..." त्यांनी पुढचं सोडून दिलं. "तिच्या नावाला हात लावायचा न्हाई. वरचं सगळं पुसा. पंधरा ऑगस्टच्या आत पुसा. आन् सुट्टीच्या दिवशी जाऊन चोरून पुसायचं न्हाई. पोरांसमोर पुसायचं."

मास्तरांच्या मनात सुट्टीचाच दिवस होता. त्यांनी मान हलवली.

सोमवारी शेवटच्या दोन तासांना सगळी शाळा मैदानात बसवली. मास्तर शिडीवर चढले आणि स्वतःच्या निळ्या अक्षरांवर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. पोरं "आं!" करून ओरडली. दर पंधरा ऑगस्टला ज्या भिंतीला हात जोडायला लावायचे, ती भिंत मास्तरच पुसायलेत म्हटल्यावर पोरांना वाटलं यांना उन्हाचं झालं काहीतरी. शिडीवरूनच मास्तरांनी सांगितलं. आवाज मोठा करून सांगितलं, कारण दबका केला असता तर फुटला असता. की हा तक्ता चुकीचा होता. की एका मुलीनं तो ओळखला होता. की तिला शाबासकी द्यायच्या ऐवजी इथं, जिथं ही दुसरी रांग बसलीय तिथं, उन्हात उभं केलं होतं. आणि त्याच दिवशी मला कळलं होतं.

आठवीतली रूपाली दुसऱ्या रांगेत होती. ती उभी राहिली. "सर, मग आमच्या अक्कालाबी चुकीचंच शिकवलाव?"

"व्हय."

"मग तिचा मार्क?"

 मास्तरांच्या इतक्या वर्षांच्या गोष्टींत, किश्श्यांत, चालींत एकही असं नव्हतं जे तिथं म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "तो गेला, बाळ." आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा हात फिरवू लागले, भिंतीकडं तोंड केलेलं त्यांनाही त्या वेळी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर त्यांनी नवा तक्ता लिहिला, लिहिता लिहिता गोठ्यातून सुरू करून समजावला, आणि पोरांना तो पटकन कळला. त्याचं त्यांना बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं. किती पटकन कळण्यासारखं होतं ते! तळाशी चांगुणाबाईंचं लाल नाव तसंच होतं. शेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'चूक दाखवली: शिवकन्या ग्यानबा, नववी'. त्या संध्याकाळी फोटो काढून तिला पाठवला. तिनं पाहिल्याची निळी खूण आली. उत्तर आलं नाही. मास्तर जेवताना दोनदा फोन उलटा करून बघून आले.

उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी, प्रार्थनेच्या रांगेत. एकच ओळ होती. 'सर, तिसऱ्या रकान्यातली शेवटून दुसरी ओळ बघा.'

मास्तरांनी रांगेतूनच मान वर करून बघितलं. पार्टिसिपलच्या खाली, 'रनिंग वॉटर' आणि 'ब्रोकन पॉट'च्या मधे, टपोऱ्या सुंदर अक्षरात तेच जुनं 'स्विमिंग इज गुड' बसलं होतं. सोळा वर्षांची सवय लागलेला हात. डोकं पोरांशी बोलण्यात होतं, हातानं आपलं जुनं काम करून टाकलं होतं.

कानशिलं तापली, अगदी तश्शीच. दुपारची सुट्टी होईपर्यंत थांबता आलं असतं. शाळा सुटल्यावर, सगळे गेल्यावर, एका मिनिटाचं काम होतं.

"थांबा," मास्तर म्हणाले. प्रार्थना मधेच थांबली. त्यांनी वर्गामागून शिडी स्वतः ओढत आणली, पायजमा दुमडला आणि चढले. खालून पोरांना वाटलं, आता तक्ता म्हणायचाय. दोघा-चौघांनी सवयीनं चाल धरली.

"चाल नको," मास्तर वरून म्हणाले. "नुसतं वाचा. एकेक ओळ वाचा, आन् कुठं चुकलंय सांगा."

ब्रश रंगात बुडायच्या आतच दुसऱ्या रांगेतून एक बोट वर आलं.